गुलामगिरीची भरपाई दिली गेली होती, पण कोणाला?

एप्रिल १८६२. अमेरिकेत उत्तरेतली राज्यं आणि गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं यांच्यात यादवी युद्ध पेटून वर्ष झालं होतं. राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामगिरी संपवणारा कायदा काँग्रेसने केला आणि अध्यक्ष लिंकन यांनी १६ तारखेला त्यावर सही केली. सुमारे ३,१०० माणसं मोकळी झाली. याच कायद्यात भरपाईची तरतूद होती, माणशी ३०० डॉलरपर्यंत, आणि ती होती मालकांसाठी. मालकांनी रीतसर अर्ज केले, अर्जात एकेका माणसाचं नाव, वय, रंग, अंगातलं कसब नोंदवलं. किंमत ठरवण्यासाठी सरकारी आयोगाने बाल्टिमोरहून गुलामांचा एक मुरलेला व्यापारी बोलावला. सुटलेल्यांना काय मिळालं? देश सोडून हैती किंवा लायबेरियाला जाणार असाल तर १०० डॉलरपर्यंत. इथेच राहायचं असेल तर काही नाही.

अमेरिकेत ज्याला 'रेपरेशन्स' म्हणतात, त्या गुलामगिरीच्या भरपाईचा वाद आज मांडला जातो तो असा: गुलाम केलेल्या माणसांच्या वंशजांना सरकारने काही देणं लागतं का? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे खूळ वाटतं. इतक्या जुन्या गोष्टीचा हिशेब कोण करणार, एवढा पैसा कुठून आणणार? पण हिशेब तेव्हाच झाला होता, पैसाही उभा राहिला होता. फक्त घेणारे वेगळे होते.

सगळ्यात मोठा हिशेब ब्रिटनचा. १८३३ साली ब्रिटिश संसदेने वसाहतींमधली गुलामगिरी बंद करणारा कायदा केला आणि मालकांसाठी २ कोटी पौंड मंजूर केले, म्हणजे त्या काळच्या सरकारच्या वार्षिक खर्चाच्या जवळजवळ ४० टक्के. तिजोरीत एवढी रक्कम नव्हती. नेथन रॉथ्सचाइल्ड आणि मोझेस माँटेफिओरी यांच्याकडून दीड कोटी पौंडांचं कर्ज घेतलं. सुमारे ४६ हजार दावे आले. त्यात जमैकाचे बडे मळेवाले होते, तसेच इंग्लंडात बसून दोन-चार गुलामांच्या कष्टांवर जगणाऱ्या विधवा आणि पाद्रीही होते. सुटलेल्यांना मात्र 'उमेदवार', म्हणजे शिकाऊ कामगार, ठरवून जुन्याच मालकाकडे आणखी काही वर्षं फुकट राबवलं. ते थांबलं १८३८ मध्ये. कर्ज पुढे दुसऱ्या सरकारी रोख्यांत मिसळत गेलं आणि पुरतं फिटलं २०१५ साली. म्हणजे विसाव्या शतकात जमैकाहून लंडनला येऊन बस चालवणारा माणूसही, आपल्या खापरपणजोबांच्या मालकाला दिलेल्या पैशांचं व्याज करातून भरत होता. 'जुनं देणं आताच्या करदात्यांवर का?' हा प्रश्न त्या पावणेदोनशे वर्षांत कोणी विचारल्याचं फारसं आठवत नाही.

त्या पैशाचा एक धागा कोकणापर्यंत येतो. मॉरिशसच्या ऊसमळेवाल्यांना या भरपाईतले २० लाखांहून जास्त पौंड मिळाले. गुलाम सुटणार, मग ऊस कोण तोडणार? मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. १८३४ पासून पुढच्या आठ-नऊ दशकांत सुमारे पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली, आणि त्यांतली काही मुंबई बंदरातून गेलेली, कोकणातली होती. मॉरिशसमधला आजचा मराठी समाज त्यांचा. २००९ मध्ये तिथल्या सरकारने सत्य आणि न्याय आयोग नेमला, त्याने गुलामी आणि करारमजुरी दोन्हींची एकत्र चौकशी केली, आणि २०११ च्या अहवालात सगळ्यात जास्त झगडा दिसतो तो जमिनी गेल्याचा. मुद्दा रोख रकमेचाच असतो असं नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

हैतीत तर गंगा चक्क उलटी वाहिली. तिथल्या गुलामांनी बंड करून फ्रेंच सैन्य हाकललं आणि १८०४ मध्ये स्वतंत्र देश उभा केला. १८२५ मध्ये फ्रान्सच्या राजाने आरमार पाठवून मागणी केली: आमच्या मळेवाल्यांच्या नुकसानीचे १५ कोटी फ्रँक द्या, तरच तुम्हाला मान्यता. पुढे रक्कम ९ कोटींवर आली. ती फेडायला हैतीने फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढलं, आणि त्या कर्जाची शेपूट १९४७ पर्यंत वळवळत राहिली. स्वतःच्या सुटकेची किंमत गुलामांनीच मालकांना चुकती केली, आणि तीही व्याजासकट. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांनी या प्रकरणासाठी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग जाहीर केला. पैसे परत देण्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

अमेरिकेच्या बाबतीत एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. वॉशिंग्टन शहराचा अपवाद सोडला तर दक्षिणेतल्या मालकांना भरपाई मिळाली नाही. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने तसा कोणताही दावा बेकायदा ठरवून तो रस्ता कायमचा बंद केला. १८६० च्या खानेसुमारीत गुलामांची संख्या होती जवळजवळ ४० लाख. १८६५ मध्ये युद्ध आणि गुलामगिरी दोन्ही संपली, पण त्यांना काय द्यायचं, हा प्रश्न मोकळा राहिला.

चाळीस एकर

१२ जानेवारी १८६५ च्या संध्याकाळी जॉर्जियातल्या सव्हाना शहरात उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यांच्या वतीने बोलले ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर. आठ वर्षांपूर्वी त्यांनी एक हजार डॉलर मोजून स्वतःची आणि बायकोची सुटका विकत घेतली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्हाला जमीन द्या, आम्ही ती स्वतःच्या मेहनतीने कसू, आमचं आम्ही बघू. चारच दिवसांत शर्मनने हुकूम काढला. चार्ल्स्टनपासून फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीपर्यंतची किनारपट्टी, आत तीस मैलांपर्यंत, सुटलेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवली. कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत जमीन. सैन्याची खेचरं नंतर काहींना मिळाली, म्हणून 'चाळीस एकर आणि एक खेचर' ही म्हण पडली. उन्हाळ्यापर्यंत सुमारे ४० हजार माणसं चार लाख एकरांवर पेरणी करत होती.

एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मळेवाल्यांना माफी देऊन जमिनी परत करायला सुरुवात केली. हे सांगायचं काम आलं सुटलेल्यांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांच्यावर. ऑक्टोबरमध्ये ते साउथ कॅरोलिनाच्या एडिस्टो बेटावर गेले आणि चर्चमध्ये जमलेल्या लोकांना म्हणाले, जुन्या मालकांना क्षमा करा, त्यांच्याशी करार करून मजुरी करा. लोकांनी त्यांना लेखी उत्तर दिलं. हॉवर्डनी युद्धात उजवा हात गमावला होता, त्याचा उल्लेख करून त्यांनी लिहिलं, तुमचा हात लढाईत गेला, तुम्ही क्षमा करू शकाल. पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून चाबकाने झोडलं, त्याला मी सहजासहजी क्षमा करू शकत नाही.

जमिनी गेल्या. पुढची काही वर्षं निदान मतदानाचा हक्क होता, कृष्णवर्णीय आमदार-खासदार निवडून येत होते. याच काळात, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. जोतीरावांचं कौतुक चुकीचं नव्हतं. पण चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, उत्तरेने दक्षिणेतून सैन्य काढून घेतलं आणि जुन्या मालकवर्गाला रान मोकळं झालं.

मागणारे तेव्हाही होते

'ज्यांनी भोगलं ते कधी मागायला आले नाहीत, आता नातू-पणतू उठलेत' असं बोललं जातं. हे खरं नाही. १७८३ मध्ये बेलिंडा नावाच्या वृद्धेने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला: पन्नास वर्षं ज्या रॉयल घराण्यासाठी राबले, त्यांच्या मालमत्तेतून मला पोटापुरतं द्या. वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर झाले, आणि ते नियमित मिळेनात म्हणून तिला पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले. याच रॉयल कुटुंबाच्या देणगीतून पुढे हार्वर्डमध्ये कायद्याचं अध्यासन उभं राहिलं.

हेन्रिएटा वुडची हकीकत तर खटल्याचीच आहे. सिनसिनाटीत ती कायदेशीर मुक्त होती. १८५३ मध्ये तिला फसवून नदीपार, गुलामगिरी चालू असलेल्या केंटकीत, नेलं आणि पुन्हा विकलं. युद्धानंतर परत येऊन तिने पळवणाऱ्यांपैकी एका माणसावर २० हजार डॉलरचा दावा लावला. १८७८ मध्ये ज्यूरीने तिला अडीच हजार डॉलर दिले. मागितल्याच्या आठवा हिस्सा, तरीही गुलामगिरीबद्दल अमेरिकी न्यायालयाने देववलेली ही सर्वांत मोठी ज्ञात रक्कम. तिचा मुलगा पुढे शिकागोत वकील झाला. पैसा हाती पडला की पुढच्या पिढीचं काय होतं, हे या एका घरात दिसतं.

कॅली हाउस यांच्या वाट्याला तुरुंग आला. नॅशव्हिलमध्ये धुणी धुऊन पोट भरणाऱ्या, गुलामीत जन्मलेल्या या बाईंनी १८९८ पासून पूर्वीच्या गुलामांना सैनिकांसारखं निवृत्तिवेतन मिळावं म्हणून देशभर संघटना बांधली. १९१५ मध्ये त्यांच्या चळवळीने सरकारी खजिन्यावर ६ कोटी ८० लाख डॉलरचा दावा ठोकला: सरकारने कापसावर वसूल केलेला हा कर आमच्या घामाचा आहे. सरकारवर त्याच्या संमतीशिवाय दावा चालत नाही म्हणून तो निकालात निघाला. १९१७ मध्ये टपालातून फसवणूक केल्याचा ठपका ठेवून त्यांना तुरुंगात धाडलं. आरोप असा की मिळणारच नाही अशा पेन्शनची आशा लावून त्या गरिबांकडून वर्गणी घेत होत्या.

१८६५ नंतरचं देणं

मला विचाराल तर समर्थकांची सगळ्यात भक्कम बाजू गुलामगिरीत नाहीच. ती त्यानंतरच्या शंभर वर्षांत आहे, कारण तिथे कागद आहेत, नकाशे आहेत आणि भोगलेली माणसं अजून हयात आहेत.

अमेरिकेत मध्यमवर्गाची संपत्ती म्हणजे मुख्यतः घर, आणि घर म्हणजे स्वस्त, लांब मुदतीचं कर्ज. १९३० च्या दशकात केंद्र सरकारनेच ही सोय उभी केली. सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढले. जिथे कृष्णवर्णीय राहत होते ते भाग लाल रंगाने 'धोकादायक' म्हणून रंगवले. १९३४ पासून कर्जाला विमा देणाऱ्या सरकारी खात्यानेही अशा वस्त्यांबाबत हात आखडता घेतला, उलट गोऱ्यांसाठीच्या नव्या वसाहतींना भरभरून पाठबळ दिलं. शिकागोसारख्या शहरात मग बँकेऐवजी दलालाशी करार करून घर घ्यावं लागे. एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही. घरांच्या बाबतीतला भेदभाव कायद्याने बंद झाला तो १९६८ मध्ये. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मध्यावरच्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता होती २ लाख ८५ हजार डॉलर, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. ही सगळी दरी एकट्या त्या नकाशांनी पाडली असं कोणी म्हणणार नाही. पण सरकारने एकाला शिडी दिली आणि दुसऱ्याला नाकारली, याचे दस्तऐवज सरकारच्याच दप्तरात आहेत.

विरोधकांचे प्रश्न

जून २०१९ मध्ये सिनेटमधले बहुमताचे नेते मिच मकॉनेल म्हणाले, दीडशे वर्षांपूर्वी घडलेल्या आणि आज हयात कोणीही जबाबदार नसलेल्या गोष्टीसाठी भरपाई देणं ही काही चांगली कल्पना नाही. आम्ही त्यासाठी यादवी युद्ध लढलो, नागरी हक्कांचे कायदे केले, कृष्णवर्णीय अध्यक्ष निवडला. दुसऱ्याच दिवशी काँग्रेसच्या समितीपुढे पत्रकार ता-नेहिसी कोट्स यांनी उत्तर दिलं की सरकार हे पिढ्यांपलीकडचं असतं, यादवी युद्धातल्या सैनिकांच्या वारसांना आपण या शतकातही पेन्शन देतोच आहोत. ते खरं होतं. अशा शेवटच्या पेन्शनधारक, एका सैनिकाच्या मुलीला, २०२० मध्ये निधन होईपर्यंत महिन्याला ७३ डॉलर १३ सेंट मिळत होते.

न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी माणसाचा आक्षेप थोडा वेगळा असतो: मी १९९८ साली दोन बॅगा घेऊन आलो, माझ्या करातून का? प्रामाणिक प्रश्न आहे. पण आपल्याकडे जमीन घेणारा आधी सातबारा बघतो, कारण त्यावरचा बोजा जमिनीबरोबर येतो. 'कर्ज मी काढलं नव्हतं' म्हणून तो उतरत नाही. नागरिकत्व घेणारा देशाची कमाई घेतो तशी देणीही. शिवाय आशियातून येणाऱ्यांसाठी दार उघडणारा १९६५ चा कायदा नागरी हक्क चळवळीच्या लाटेतच मंजूर झाला.

इथवर समर्थकांचं म्हणणं मला पटतं. पुढे मात्र वाट अवघड होते, कारण बोजा असतो तो ठरलेल्या रकमेचा आणि ठरलेल्या धनकोचा. इथे दोन्ही धूसर आहेत. रक्कम बघा. न दिलेल्या मजुरीवर व्याज लावायचं तर १ डॉलरचे १६० वर्षांत ३ टक्क्यांनी ११३ डॉलर होतात आणि ६ टक्क्यांनी ११ हजारांवर जातात. दर कोणता धरायचा, यावरच सगळं बदलतं. म्हणून अर्थतज्ज्ञ विल्यम डॅरिटी आणि लेखिका कर्स्टन मलन मजुरी सोडून आजची संपत्तीतली दरी मोजतात. त्यांचा आकडा १० ते १४ लाख कोटी डॉलर. अमेरिकी केंद्र सरकारचा अख्ख्या वर्षाचा खर्च सहा-सात लाख कोटींचा आहे.

आणि घेणारा कोण? नायजेरियाहून गेल्या दशकात आलेला डॉक्टर? जमैकाहून आलेली नर्स? (तिच्या पूर्वजांचं देणं असलंच तर ते ब्रिटनकडे, कॅरिबियन देशांनी २०१४ मध्ये दहा कलमी मागणी तयार केली ती युरोपातल्या सरकारांपुढे ठेवण्यासाठी.) पूर्वज इथेच गुलाम होते हे सिद्ध करायचं तर १८७० ची खानेसुमारी ही भिंत आडवी येते. सगळ्या कृष्णवर्णीयांची नावानिशी नोंद तेव्हा पहिल्यांदा झाली. त्याआधीच्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे, आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग.

विरोध फक्त गोरे करतात असंही नाही. नागरी हक्क चळवळीचे मोठे संघटक बायर्ड रस्टिन यांनी १९६९ मध्ये ही मागणी हास्यास्पद ठरवली होती: कापूस वेचणारे माझे पणजोबा गेले, मला कोणी काही देणं लागत नाही. २०१९ च्या त्याच सुनावणीत कोलमन ह्यूज या कृष्णवर्णीय तरुण लेखकाने विरोध केला, लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याचं म्हणणं मात्र पुरतं ऐकण्यासारखं होतं. वंशजांना पैसे देऊ नका, पण वंशभेदाच्या कायद्यांखाली वाढलेले जे हयात आहेत त्यांना जरूर द्या. जगभरच्या यशस्वी भरपाया बघितल्या तर त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांना १९८८ च्या कायद्याने माणशी २० हजार डॉलर आणि माफी मिळाली, ती हयात असलेल्या सुमारे ८२ हजार जणांना.

तिकडे लोकमत फारसं हलत नाही. प्यू संस्थेच्या २०२१ च्या पाहणीत ३० टक्के अमेरिकनांनी भरपाईला होकार दिला. कृष्णवर्णीयांत ७७ टक्के, गोऱ्यांत १८, आशियाई वंशाच्या लोकांत ३३. डेमोक्रॅटिक पक्षाचे नेतेही म्हणून चाचरत बोलतात. ओबामांनी २००८ च्या प्रचारात नकार दिला होता. २००९ मध्ये सिनेटने गुलामगिरीबद्दल माफी मागितली आणि खाली कलम जोडलं की या ठरावाच्या आधारे सरकारवर कोणताही दावा करता येणार नाही.

काँग्रेसमधलं विधेयक आहे एच. आर. ४०, आकडा त्या चाळीस एकरांवरून. जॉन कॉन्यर्स यांनी ते १९८९ मध्ये प्रथम मांडलं, तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा मांडलं जातं. पुष्कळांना वाटतं त्यात पैसे वाटण्याची तरतूद आहे. नाही. त्यात फक्त अभ्यास आयोग नेमण्याची मागणी आहे. एप्रिल २०२१ मध्ये ते समितीत २५ विरुद्ध १७ मतांनी मंजूर झालं. सभागृहात मतदानाला अजून आलेलं नाही.

म्हणून आता खटपट खालच्या पातळीवर चालते. भरपाईचा अभ्यास करणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कृती दलाने मार्च २०२२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की पात्रता वर्णावर नाही, वंशावळीवर धरायची. वर्ण हा निकष धरला तर न्यायालयात टिकणार नाही ही धास्ती त्यामागे होती. जून २०२३ मध्ये हजारावर पानांचा अहवाल आला, २०२४ मध्ये राज्याने रीतसर माफी मागितली.

पैसे प्रत्यक्ष दिले ते शिकागोशेजारच्या एव्हनस्टनने. नगरपालिकेने गांजाविक्रीच्या करातले १ कोटी डॉलर बाजूला काढले आणि गुलामगिरीला हात न लावता स्वतःचाच अपराध निवडला: १९१९ ते १९६९ या काळात शहराने घरांबाबत केलेला भेदभाव. तेव्हा तिथे राहणाऱ्या कृष्णवर्णीयांना किंवा त्यांच्या थेट वंशजांना घरासाठी २५ हजार डॉलर. मार्च २०२१ मध्ये योजना मंजूर होताना विरोधात एकच मत पडलं, एका कृष्णवर्णीय नगरसेविकेचं. ज्याचं नुकसान झालं त्याने पैसे कशावर खर्चायचे हे नगरपालिकेने का ठरवावं, असा तिचा सवाल होता. दोन वर्षांनी नगरपालिकेने रोख रकमेचा पर्याय दिला. २०२४ मध्ये योजनेविरुद्ध खटला दाखल झाला, ती वर्णावर आधारलेली असल्याने घटनाबाह्य आहे म्हणून. ज्या चौदाव्या घटनादुरुस्तीने मालकांच्या भरपाईचा रस्ता बंद केला, तिच्यातल्याच समानतेच्या कलमाचा आधार वादींनी घेतला आहे.